आयर्लंडच्या सीमाभागात कुणाला कुठला कायदा लागतो?

कॅव्हन आणि क्लोनिस ही आयर्लंड प्रजासत्ताकातली दोन गावं. एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मुख्य रस्ता दहाएक किलोमीटरच्या टप्प्यात चार वेळा सीमा ओलांडतो. आधी प्रजासत्ताक, मग युनायटेड किंगडम, परत प्रजासत्ताक, परत युनायटेड किंगडम, आणि शेवटी क्लोनिस. वाटेत ना चौकी, ना फाटक. वेगमर्यादेच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात, रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी होते, एवढीच काय ती खूण. गाडीतली माणसं गप्पांत रंगली असतील, तर आपण दोनदा परदेशी जाऊन आलो हे त्यांच्या लक्षातही येणार नाही.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकरा वाजेपर्यंत या रस्त्याच्या सगळ्या तुकड्यांवर युरोपीय संघाचा कायदा लागू होता. अकरानंतर प्रजासत्ताकाच्या तुकड्यांवर तो राहिला, युनायटेड किंगडमच्या तुकड्यांवरून गेला. म्हणजे बराचसा गेला आणि थोडा राहिला. हा जो थोडा राहिला, तोच समजायला सगळ्यात अवघड आहे. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याच्या बातम्या आपल्याकडे आल्या त्या लंडनमधल्या भांडणांच्या, पौंडाच्या घसरणीच्या, पंतप्रधानांच्या राजीनाम्यांच्या. एखादा देश मोठ्या संघातून बाहेर पडतो तेव्हा सीमेलगत राहणाऱ्या माणसाच्या हक्कांचं नेमकं काय होतं, ते पाहायचं तर या रस्त्यावर यावं लागतं.

रेघ आली कुठून

१९२१ मध्ये ब्रिटिशांनी आयर्लंडची फाळणी केली. ईशान्येकडच्या सहा काउंट्या, म्हणजे अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, डेरी आणि टायरोन, ब्रिटनकडे राहिल्या. त्यांचं उत्तर आयर्लंड झालं. उरलेल्या सव्वीस काउंट्यांचा पुढे स्वतंत्र देश झाला. सीमा नव्याने आखलीच नाही. काउंट्यांच्या जुन्या हद्दी होत्या, त्याच आंतरराष्ट्रीय सीमा ठरल्या. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्याची हद्द कुणाच्या बांधावरून, ओढ्यातून, कधी वाडीच्या मधूनच जाते, तशाच या हद्दी होत्या. पेटिगो नावाच्या गावात मधून नदी वाहते. नदीच्या अलीकडे डोनेगॉल काउंटी, म्हणून प्रजासत्ताक. पलीकडे फर्मॅना, म्हणून युनायटेड किंगडम. ही रेघ सुधारण्यासाठी एक आयोग नेमला होता, पण १९२५ मध्ये त्याचा अहवाल वर्तमानपत्रात फुटला, गदारोळ झाला आणि अहवाल गुंडाळून ठेवला गेला. सुमारे ५०० किलोमीटरची ती वेडीवाकडी रेघ तशीच राहिली. आज तिच्यावरून जाणारे रस्ते २०० हून जास्त आहेत.

१ एप्रिल १९२३ पासून या रेघेवर जकात सुरू झाली. मोजके रस्ते ‘मान्य’ ठरले, तिथे चौक्या बसल्या. बाकीच्या रस्त्यांनी माल नेला तर ती तस्करी. लोण्याची आणि गुरांची तस्करी हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा जोडधंदा होता. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेत हिंसाचार पेटला: एका बाजूला ब्रिटनमध्येच राहू पाहणारे, बहुतेक प्रोटेस्टंट; दुसऱ्या बाजूला एकसंध आयर्लंड हवं असणारे, बहुतेक कॅथलिक. तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. लष्कराने लहान रस्ते खड्डे पाडून, काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले आणि टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे उभे केले. समोर दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या शेतात जायला वीस किलोमीटरचा वळसा पडायचा.

हे सगळं निवळलं दोन गोष्टींमुळे. दोन्ही देश १ जानेवारी १९७३ ला एकाच दिवशी युरोपीय समुदायात गेले होते. २० वर्षांनी, १ जानेवारी १९९३ ला, युरोपची एकत्र बाजारपेठ झाली आणि जकातीच्या चौक्यांचं कामच संपलं. मुंबईकरांना दहिसर आणि मुलुंडचे जकात नाके आठवत असतील. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि ट्रकच्या त्या रांगा एका रात्रीत गेल्या. सीमेवरचा बदल साधारण तसाच होता, फक्त इथे देश दोन होते. दुसरी गोष्ट म्हणजे १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार. त्याने बंदुका थांबवल्या आणि मग मनोरेही उतरले.

मराठी माणसाला ‘सीमाभाग’ म्हटलं की बेळगाव-निपाणी आठवते. तिथलं दुखणं खरं आहे, पण तिथे रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच राज्यघटना आहे, एकच सर्वोच्च न्यायालय आहे. बेळगावचा माणूस कोल्हापुरात नोकरीला लागला तर परवाना लागत नाही. आयर्लंडच्या सीमाभागाला तसं सामायिक छप्पर ४७ वर्षं युरोपने पुरवलं होतं. नोकरी, निवृत्तिवेतन, दवाखाना, समान वेतन, डिग्रीची मान्यता, नवऱ्या-बायकोला सोबत ठेवण्याचा हक्क, हे सगळं त्या छपराखाली होतं. त्यामुळे गुड फ्रायडे करारात युरोपचा उल्लेख फार नाही. घराच्या नकाशात आपण हवा दाखवत नाही, तसं ते आहे असं धरूनच चाललं होतं.

२३ जून २०१६ ला सार्वमत झालं. एकूण युनायटेड किंगडममध्ये ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याला मिळाली. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला होता. जानेवारी २०१७ मध्ये लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेर पडायला संसदेची मंजुरी लागेल, पण उत्तर आयर्लंडच्या विधानसभेची लागणार नाही. सीमाभागाचं मत मोजलं गेलं, पण धरलं गेलं नाही.

बसमधले चौघे

डंडॉक हे प्रजासत्ताकातलं गाव आणि न्यूरी हे उत्तरेतलं. मध्ये वीसेक किलोमीटर. समजा, सकाळच्या बसने डंडॉकहून चौघं न्यूरीला निघालेत. चौघं डंडॉकमध्ये एकाच गल्लीत राहतात. एक आयरिश, एक ब्रिटिश, एक पोलंडचा सुतार आणि नाशिकहून आलेली एक नर्स.

आयरिश आणि ब्रिटिश प्रवाशाला काहीच फरक पडलेला नाही. या दोन देशांत शंभर वर्षांपासून ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ नावाची एक व्यवस्था आहे. तिच्यामुळे दोघांना एकमेकांच्या देशात राहता येतं, नोकरी करता येते, दवाखाना, शाळा, निवृत्तिवेतन मिळतं, मतदानही करता येतं. ही व्यवस्था युरोपीय संघाच्या आधीची, म्हणून संघ सोडल्यावरही टिकली. मात्र ती कुठल्या एका भक्कम तहात लिहिलेली नाही. थोडी कायद्यांत, थोडी रिवाजात, थोडी मे २०१९ मध्ये दोन सरकारांनी सही केलेल्या एका सामंजस्य करारात, ज्याला कोर्टात बंधनकारक जोर नाही. दोन भावांनी वाटणीपत्र न करता एकत्र विहीर वापरावी, तसा हा प्रकार. जोवर बोलणं आहे तोवर पाणी आहे.

पोलिश सुताराची गोष्ट वेगळी. २०२० पर्यंत युरोपीय नागरिक म्हणून त्याला न्यूरीत काम करायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता तो २०२० संपण्याआधीपासून न्यूरीत कामाला जात असेल, तर ‘फ्रंटियर वर्कर परमिट’ काढून पुढे जाऊ शकतो. पण २०२० संपल्यानंतर त्याला न्यूरीतलं पहिलं काम मिळालं असेल, तर बाहेरच्या कुठल्याही परदेशी माणसासारखा कामाचा व्हिसा लागणार. फिरायला, खरेदीला तो जाऊ शकतो. न्यूरीतल्या घराचा दरवाजा बसवून त्याचे पैसे घेऊ शकत नाही. सीमेवरच्या सुताराने कामाला जाताना कुठल्या बाजूची गिऱ्हाइकं घ्यायची, हा आता कायद्याचा प्रश्न झाला आहे.

आणि नाशिकची नर्स? तिच्याकडे आयर्लंडचं वास्तव्याचं कार्ड आहे. न्यूरीला जायचं तर तिला ब्रिटनचा व्हिसा लागतो. हा नियम ब्रेक्झिटच्या आधीपासूनचा. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांना तो चांगला ठाऊक आहे, कारण रस्त्यावर सहसा कुणी अडवत नाही आणि तरीही व्हिसा नसताना ती ‘मैल’ लिहिलेली पाटी ओलांडणं बेकायदा आहे. डोनेगॉलमधल्या लेटरकेनी गावात राहणाऱ्यांची पंचाईत तर आणखी मोठी. लेटरकेनीहून राजधानी डब्लिनला जाणारा सरळ रस्ता स्ट्रबॅन आणि ओमा या उत्तर आयर्लंडच्या गावांतून जातो, बसही त्याच रस्त्याने जाते. डोनेगॉल उरलेल्या प्रजासत्ताकाला दक्षिण टोकाच्या एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं आहे. ज्याच्याकडे ब्रिटनचा व्हिसा नाही त्याने कायदा पाळायचा तर स्लायगोवरून वळसा घालून स्वतःच्या देशाच्या राजधानीला जायचं.

मेख इथे आहे. ब्रेक्झिटच्या वेळी सगळ्यांची धास्ती एकच होती: परत चौक्या येतील, ‘हार्ड बॉर्डर’ येईल. ती आली नाही. पण सीमा नाहीशीही झाली नाही. ती जमिनीवरून उठून माणसाच्या खिशातल्या कागदात जाऊन बसली. पूर्वी रेघ ओलांडताना तुम्ही कुठे उभे आहात त्यावर कायदा ठरायचा. आता तुम्ही कोण आहात, तुमचा कागद कुठला आणि तो कुठल्या तारखेचा, यावर ठरतो. बसमधला सुतार आतापर्यंत पहिल्या दोघांच्या रांगेत होता, तो आता नाशिकच्या नर्सच्या रांगेत आला. काळा-सावळा चेहरा दिसला की कागद मागायचा, ही तक्रार या सीमेवरच्या बसप्रवाशांची जुनी आहे. चौकी नसते तेव्हा कुणाला थांबवायचं हे तपासणाऱ्याच्या नजरेवर राहतं.

गोव्याच्या वाचकांना यातली एक गाठ ओळखीची वाटेल. पोर्तुगीज राजवटीमुळे अनेक गोवेकरांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. तो पासपोर्ट घेऊन बरेच जण इंग्लंडला, विशेषतः स्विंडनला गेले. उत्तर आयर्लंडमधल्या डंगॅननमध्ये हाच मार्ग पूर्व तिमोरच्या लोकांनी धरला आणि ते मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत लागले. २०२० संपण्याआधी आलेल्यांनी ३० जून २०२१ च्या मुदतीत अर्ज केला, त्यांचं राहणं पक्कं झालं. नंतर आलेल्याला तो पोर्तुगीज पासपोर्ट ब्रिटनमध्ये राहण्या-कमावण्यासाठी पूर्वीसारखा कामाचा नाही. तोच पासपोर्ट तासाभराच्या अंतरावर डंडॉकमध्ये मात्र आजही पूर्ण चालतो.

आयरिश, ब्रिटिश, की दोन्ही?

गुड फ्रायडे कराराने उत्तर आयर्लंडच्या लोकांना एक विलक्षण हक्क दिला: स्वतःला आयरिश म्हणवून घ्या, ब्रिटिश म्हणवून घ्या किंवा दोन्ही, दोन्ही सरकारं ते मान्य करतील. जगात असा जन्मसिद्ध पर्याय फार थोड्यांना मिळाला असेल. पण ‘म्हणवून घेणं’ आणि ‘कायद्याने असणं’ यात किती अंतर आहे, ते एमा डिसूझा यांच्या खटल्याने दाखवलं. (आडनाव वाचून म्हापसा-मडगाव आठवेल, पण ते त्यांच्या अमेरिकन नवऱ्याचं.)

डेरी काउंटीत जन्मलेल्या एमा यांनी २०१५ मध्ये आयरिश, म्हणजेच युरोपीय नागरिक या नात्याने नवऱ्याच्या वास्तव्यासाठी अर्ज केला. ब्रिटनचं गृहखातं म्हणालं, १९८१ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जन्मतः ब्रिटिश आहात. ब्रिटिश नागरिकत्व सोडा, नाहीतर ब्रिटिश म्हणून अर्ज करा. त्या म्हणाल्या, जे मी कधी घेतलंच नाही ते सोडू कसं? ऑक्टोबर २०१९ मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने गृहखात्याच्या बाजूने निकाल दिला. करार दोन सरकारांमध्ये झाला आहे, देशाच्या नागरिकत्व कायद्यात तो उतरलेला नाही, असं त्याचं सार.

यात गंमत अशी की ज्या घरात दोघी बहिणी राहतात, त्यातली ‘मी आयरिश’ म्हणणारी बहीण युरोपच्या नियमांनी परदेशी नवऱ्याला सहज आणू शकली असती, आणि ‘मी ब्रिटिश’ म्हणणारीला ब्रिटनची किमान उत्पन्नाची अट लागली असती. ती अट तेव्हा वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. वाद चिघळल्यावर सरकारने मे २०२० मध्ये नियम बदलला आणि उत्तर आयर्लंडच्या सगळ्याच लोकांच्या कुटुंबीयांना युरोपीय नियमांखाली अर्ज करायची काही महिन्यांची खिडकी उघडली. ती खिडकी बंद झाली. आता दोघी बहिणी समान आहेत, दोघींना तीच उत्पन्नाची अट. डेरीपासून तीसेक किलोमीटरवर लेटरकेनीत राहणाऱ्या त्यांच्या चुलत बहिणीला वेगळा कायदा.

आयरिश पासपोर्ट असलेला डेरीचा माणूस आजही युरोपीय संघाचा नागरिक आहे. पॅरिसला जाऊन राहील, बर्लिनमध्ये नोकरी करील. फक्त ब्रिटिश पासपोर्ट असलेला त्याचा शेजारी तिथे १८० दिवसांत ९० दिवसांचा पाहुणा. पण घरी बसलेल्या त्या युरोपीय नागरिकाला युरोपच्या संसदेत मत नाही, कारण उत्तर आयर्लंडच्या तीन जागाच गेल्या. त्याच्या गावाला युरोपचे शेकडो कायदे मात्र अजून लागू आहेत.

शेकडो कायदे लागू कसे राहिले?

मालाच्या भांडणावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी ते थोडक्यात उरकतो. उत्तरेतलं सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातं. डब्लिनमध्ये बनणारी गिनेस बेलफास्टमध्ये डब्यांत भरली जाते आणि निर्यातीसाठी परत डब्लिनला येते. रेघेवर तपासणी बसवणं म्हणजे हे सगळं बंद पाडणं. म्हणून बाहेर पडण्याच्या कराराला जोडलेल्या, उत्तर आयर्लंडविषयीच्या ऑक्टोबर २०१९ च्या प्रोटोकॉलने तपासणी समुद्रात ढकलली. मालापुरतं उत्तर आयर्लंड युरोपच्या नियमांत राहिलं आणि ग्रेट ब्रिटनहून, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधून, बेलफास्ट किंवा लार्न बंदरात येणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कने त्यात सवलत आणली. उत्तर आयर्लंडमध्येच विकायच्या मालाला हिरवी मार्गिका, दक्षिणेत जाऊ शकणाऱ्या मालाला लाल.

ब्रिटनशी निष्ठा असणाऱ्या युनियनिस्टांना हे झोंबलं, आणि त्यांचं म्हणणं निव्वळ हट्ट म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. स्वतःच्याच देशातून बी-बियाणं, औषधं, सॉसेज आणायला कागद का लागावेत? ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचा व्यापार एकसमान राहील असं १८०० च्या ॲक्ट ऑफ युनियनमध्ये लिहिलं होतं. त्याआधारे ते कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेने नंतर केलेल्या कायद्यापुढे ते जुनं कलम तेवढ्यापुरतं मागे पडतं. एका संघातून बाहेर पडताना दुसऱ्या, जुन्या संघाची वीण उसवली, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

पण माझ्या मते सगळ्यात लक्षवेधी आहे ते या प्रोटोकॉलचं कलम २. त्यावर टीव्हीवर चर्चा झाली नाही, कारण त्यात सॉसेज नव्हते. त्यात लिहिलंय की गुड फ्रायडे कराराच्या हक्कांच्या प्रकरणात जे हक्क आणि संरक्षणं आहेत, त्यांत युरोपीय संघ सोडल्यामुळे घट होणार नाही. सोबत सहा युरोपीय कायद्यांची यादी आहे: वांशिक भेदभावाविरुद्धचा, नोकरीत धर्म, वय, अपंगत्व, लैंगिक कल यांवरून भेदभाव न करण्याचा, स्त्री-पुरुष समान वेतनाचा, वगैरे. हे सहा कायदे नुसते जपायचे नाहीत. युरोप ते सुधारील तसं उत्तर आयर्लंडनेही बदलायचं. जिथे आडनावावरून आणि शाळेच्या नावावरून माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट हे ओळखून नोकरी नाकारली जायची, तिथे ही यादी शोभेची नाही.

हे कलम चालतं कसं? बाहेर पडताना ब्रिटनने युरोपच्या मूलभूत हक्कांची सनद सोडून दिली. नंतर युरोपीय कायद्याचं देशी कायद्यावरचं श्रेष्ठत्वही काढून टाकलं. पण बाहेर पडण्याचा करार मात्र स्वतःच्या कायद्याने देशात थेट लागू केला. त्यामुळे संसदेचा एखादा नवा कायदा कलम २ शी जुळत नसेल, तर न्यायाधीश तो उत्तर आयर्लंडपुरता बाजूला ठेवू शकतो. ब्रिटनमध्ये संसद सर्वोच्च मानली जाते. तिथे न्यायालय संसदेचा कायदा रद्द करत नाही. भारतीय वाचकाला कोर्टाने कायदा रद्द करणं नेहमीचं, पण ब्रिटिश वकिलाला हे ऐकून अजूनही ठसका लागतो.

आणि तसं घडलंही. लंडनने २०२३ मध्ये बेकायदा स्थलांतराविरुद्ध एक कडक कायदा केला. लहान होड्यांतून आलेल्यांना आश्रय नाकारून रवांडाला पाठवायच्या बेताशी तो जोडलेला होता. उत्तर आयर्लंडच्या मानवी हक्क आयोगाने त्याला आव्हान दिलं. १३ मे २०२४ ला बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने त्यातली अनेक कलमं उत्तर आयर्लंडमध्ये लागू होणार नाहीत असा निकाल दिला. संसद एक, कायदा एक, पण लिव्हरपूलमध्ये लागू आणि बेलफास्टमध्ये गैरलागू. त्याच वर्षी फेब्रुवारीत हिंसाचाराच्या काळातल्या गुन्ह्यांना अटींवर माफी देणाऱ्या दुसऱ्या कायद्यालाही तिथल्या न्यायालयाने याच मार्गाने रोखलं. ज्यांची माणसं मारली गेली त्या कुटुंबांना युरोपच्या, पीडितांच्या हक्कांविषयीच्या कायद्याचा आधार मिळाला. कलम २ चा हात नेमका कुठवर पोचतो, हा वाद नंतर लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला.

वारं उलटं फिरलं तेव्हा

रवांडाच्या कायद्याने सीमेवर एक वेगळाच परिणाम केला. ब्रिटनमधून बाहेर काढलं जाण्याच्या भीतीने काही आश्रयार्थी बेलफास्टला आले आणि उघड्या सीमेवरून दक्षिणेत गेले. एप्रिल २०२४ मध्ये आयर्लंडच्या न्यायमंत्री हेलन मॅकेन्टी यांनी सांगितलं की आलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक उत्तरेतून जमिनीवरून येतात. डब्लिनच्या माउंट स्ट्रीटवर तंबू पडले. युरोपीय संघात असताना आश्रयार्थी आधी ज्या देशात आला तिथे परत पाठवायची एक ठरलेली पद्धत होती. ब्रिटन त्यातून बाहेर पडलं होतं. दोन सरकारांची वेगळी बोलणी होती, पण मार्च २०२४ मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने ब्रिटनला ‘सुरक्षित तिसरा देश’ ठरवण्याची पद्धतच बेकायदा ठरवली होती, आणि डब्लिनला घाईने कायदा दुरुस्त करावा लागला. गंमत पाहा: सीमेवर तपासणी नको म्हणून इतकी वर्षं अडून बसलेल्या आयर्लंडलाच आता ती सीमा फार उघडी वाटू लागली. त्याच जुलैत ब्रिटनमध्ये सरकार बदललं आणि रवांडाचा बेत गुंडाळला गेला.

गुन्हेगारांच्या बाबतीत मात्र घोडं अडलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात उत्तरेत गुन्हा करून दक्षिणेत पळालं की ‘हा राजकीय गुन्हा’ म्हणून आयरिश कोर्ट अनेकदा ताबा द्यायला नकार द्यायचं. युरोपीय अटक वॉरंटने ती पळवाट बुजवली. ब्रेक्झिटनंतर त्या वॉरंटच्या जागी नव्या व्यापार करारातली तशीच व्यवस्था आली. ती आयर्लंडवर बंधनकारक नाही असा दावा दोघा आरोपींनी केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो फेटाळला.

रोजच्या जगण्यात बऱ्याच गोष्टी जुन्या गाठींवर टिकून आहेत. उत्तरेतल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया डब्लिनला होतात, डोनेगॉलचे कर्करुग्ण किरणोपचारासाठी डेरीला येतात. हे दोन सरकारांच्या वेगळ्या करारांवर चालतं, म्हणून छप्पर गेल्यावरही चाललं. ज्या हक्काला स्वतःचा वेगळा कागद होता तो वाचला. जो केवळ ‘युरोपात आहोत’ यावर उभा होता, तो ज्याच्या-त्याच्या पासपोर्टवर गेला.

पुढचं मतदान

युरोपचे कायदे लागू, पण ते करणाऱ्यांत आपला माणूस नाही, या तक्रारीवर दोन उपाय काढले आहेत. उत्तर आयर्लंडची ९० जणांची विधानसभा बेलफास्टच्या स्टॉर्मंट भागात भरते. तिच्यातल्या ३० आमदारांनी, आणि तेही किमान दोन पक्षांच्या, मागणी केली तर नव्या युरोपीय नियमाला ‘स्टॉर्मंट ब्रेक’ लावायला लंडनला सांगता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये रसायनांच्या लेबलांच्या एका नियमावर तो ब्रेक पहिल्यांदा ओढला गेला. जानेवारी २०२५ मध्ये लंडनने अटी पूर्ण होत नाहीत म्हणत नकार दिला. दुसरा उपाय म्हणजे ठरावीक काळाने विधानसभेचं मत. १० डिसेंबर २०२४ ला ते ४८ विरुद्ध ३६ ने व्यवस्था चालू ठेवण्याच्या बाजूने झालं. दोन्ही समाजांचं बहुमत मिळालं असतं तर पुढची आठ वर्षं चिंता नव्हती. युनियनिस्ट विरोधात गेले, म्हणून चारच वर्षं. २०२८ मध्ये परत मतदान आहे. त्यात प्रश्न मालाच्या कलमांचाच विचारला जातो. कलम २ मतदानाला ठेवलेलं नाही.

आणि रेघ अजून पुरती ठरलेलीही नाही. डेरीच्या उत्तरेला लॉख फॉइल नावाची खाडी आहे. लंडन म्हणतं, डोनेगॉलच्या किनाऱ्यापर्यंतचं सगळं पाणी आमचं. डब्लिनला ते मान्य नाही. शंभर वर्षांचं हे भिजत घोंगडं. खाडी सांभाळायला गुड फ्रायडे कराराखाली दोन्ही देशांची मिळून एक संस्था आहे, पण तळाची जमीन कुणाची हे ठरल्याशिवाय तिला कालव-शेतीचे परवाने देता येत नाहीत. म्हणून ओहोटी लागली की डोनेगॉलच्या बाजूला हजारो लोखंडी मांडण्या उघड्या पडतात, वर कालवांच्या पिशव्या बांधलेल्या. एकाचाही परवाना नाही, कारण तो द्यायचा कुणी हेच कुणाला सांगता येत नाही.